लाल गोलातलं एक मिनिट

आज सकाळपासून तोच व्हिडिओ तीन ग्रुपांवर येऊन धडकला. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोपी, अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन २०१९ मध्ये ज्या तुरुंगात मेला (सरकार म्हणतं आत्महत्या, फॉरवर्ड म्हणतात खून) तिथल्या कॅमेऱ्याचं चित्रण, कोपऱ्यात घड्याळ, घड्याळाभोवती लाल गोल आणि खाली "हे मिनिट कुठे गेलं???". पाठवणारे काका एरवी शहाणे. वयाचा मान ठेवून ग्रुपवर गप्प राहणं जमलं, इथे जमणार नाही.

काका, ते मिनिट सापडलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं जो जवळपास ११ तासांचा व्हिडिओ टाकला, त्यात घड्याळ रात्री ११:५८:५८ वरून थेट १२:०० वर उडी मारत होतं, हे खरं. सप्टेंबरमध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं हजारो पानं आणि चित्रफिती खुल्या केल्या, त्यात ते मिनिट आहे. बघून घ्या. खुनी चालत जाताना दिसत नाही.

पण मला राग त्या मिनिटाचा नाही. लाल गोल काढायचाच असेल तर तो एका कागदावर काढा ना! त्या रात्रीचे मोजणीचे कागद आहेत. त्यांवर वेळा लिहिल्यात, खाली सह्या आहेत, आणि सगळं खोटं आहे. हे कुणा यूट्यूबवाल्याचं म्हणणं नाही, सह्या करणाऱ्यांनीच नंतर लेखी कबूल केलंय. त्या कागदाचा फॉरवर्ड मला आजवर एकदाही आलेला नाही.

जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण तुरुंगात 'लक्ष ठेवणं' म्हणजे नेमकं काय हे न कळता आपण सगळे उंटावरून शेळ्या हाकतोय.

एपस्टीन होता मॅनहॅटनमधल्या मेट्रोपॉलिटन करेक्शनल सेंटरमध्ये, त्यातही स्पेशल हाउसिंग युनिटमध्ये. म्हणजे तुरुंगातला तुरुंग. अशा विभागात दोन वेगवेगळी कामं असतात आणि लोक ती एकच समजतात. पहिलं काम फेरी. तासाच्या पहिल्या अर्ध्या भागात एक, दुसऱ्या अर्ध्या भागात एक, दोन फेऱ्यांत ४० मिनिटांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, आणि वेळा मुद्दाम मागेपुढे करायच्या, म्हणजे आतल्या माणसाला घड्याळ लावून बसता येऊ नये. दुसरं काम मोजणी. त्या विभागात ती दुपारी ४, रात्री १०, मध्यरात्री १२, पहाटे ३ आणि ५ ला. मोजणीला दोघं लागतात. पांघरुणाचा उंचवटा धरायचा नाही, माणूस दिसला पाहिजे, जिवंत आहे याची खात्री झाली पाहिजे. मग स्लिप भरायची, दोघांनी सही करायची, आणि ती नियंत्रण कक्षातल्या आकड्याशी जुळवायची. आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजायचं. कंटाळवाणं काम आहे. पण तुरुंग चालतो तो या कंटाळवाण्या कामावरच.

९ ऑगस्ट २०१९ च्या रात्री साधारण १०:४० नंतर सकाळी साडेसहापर्यंत एपस्टीनच्या कोठडीच्या ओळीत फेरी झाली नाही. एकही नाही. मोजण्याही झाल्या नाहीत. दोन कर्मचारी ड्युटीवर होते, त्यांचं टेबल एपस्टीनच्या कोठडीपासून सुमारे १५ फुटांवर. १५ फूट म्हणजे हाक मारायचीही गरज नाही, नुसतं खाकरलं तरी ऐकू जाईल. त्या वेळात त्यांनी संगणकावर फर्निचर पाहिलं, मोटारसायकली पाहिल्या, खेळाच्या बातम्या वाचल्या, आणि सुमारे दोन तास दोघं झोपल्यासारखे निश्चल बसले होते. हे त्या दोघांवरच्या आरोपपत्रात आहे. कागदावर मात्र सगळ्या फेऱ्या व्यवस्थित. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ७५ हून जास्त खोट्या नोंदी!

काका, इथे काढा गोल.

बरं, ही दोघंच राक्षस होती असं समजून मोकळंही होता येत नाही. एक जण दुपारी ४ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ पर्यंत, सलग १६ तासांच्या ड्युटीवर. दुसऱ्याचं रोजचं काम मुळात पहाऱ्याचं नव्हतंच, तो ओव्हरटाइमवर आलेला. माणसं कमी, ओव्हरटाइम सक्तीचा, त्यामुळे फेरी मारण्याऐवजी फॉर्म भरण्याची सवय. अशी सवय एका रात्रीत लागत नाही. आधी एक फेरी चुकते, काही बिघडत नाही. मग दोन चुकतात. मग कुणीतरी शिफ्ट सुरू होतानाच पुढच्या सगळ्या वेळा लिहून टाकतं. ज्या दिवशी काही घडतं त्या दिवशी कळतं की वही गेले कित्येक दिवस कल्पनेतूनच लिहिली जात होती. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात ना, तो काळ असा सोकावतो.

आता मागे जाऊ, कारण खरी चीड तिथे आहे.

६ जुलै २०१९ ला न्यू जर्सीतल्या टेटरबरो विमानतळावर एपस्टीनला अटक झाली. १८ जुलैला न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी जामीन नाकारला. २३ जुलैला पहाटे तो कोठडीत गळ्यावर खुणा असलेल्या अवस्थेत सापडला. आधी म्हणाला सोबत्यानं हल्ला केला, नंतर म्हणाला आठवत नाही. सोबती होता ४ खुनांचा आरोप असलेला माजी पोलीस! (अशा कैद्याला असा सोबती कुणी निवडला, हा प्रश्न मला कुठल्याही लाल गोलापेक्षा मोठा वाटतो. असो.) मग त्याला आत्महत्या-प्रतिबंधक निगराणीत ठेवलं. ही निगराणी म्हणजे काय, तर डोळ्यांसमोरून क्षणभरही न हलवणं. बाहेर माणूस बसलेला, दर १५ मिनिटांनी नोंद, आत फाडता न येणारा जाड अंगरखा आणि तसलंच पांघरूण, चादर नाही. तिथून तो एका दिवसाच्या थोडं वर जाताच काढला गेला, मग जरा सैल अशा मानसशास्त्रीय निरीक्षणाखाली ३० जुलैपर्यंत, आणि मग परत स्पेशल युनिटमध्ये.

लोक विचारतात, इतक्या लवकर का काढला? प्रश्न रास्त आहे, पण उत्तरात रहस्य नाही. ती निगराणी कैद्याला सहन होत नाही आणि तुरुंगाला परवडत नाही, म्हणून मानसशास्त्रज्ञ माणसाशी बोलून लवकरात लवकर ती उतरवतात. 'मला जगायचंय, मी घाबरट आहे' असं सांगणारा हुशार कैदी ते बोलणं निभावून नेतो. म्हणूनच उतरवताना एक अट घातली होती, त्याला एकटं ठेवायचं नाही. ३० जुलैला तुरुंगाच्या मानसशास्त्र विभागानं ७० हून जास्त कर्मचाऱ्यांना ई-मेल पाठवला की याला योग्य सोबती हवाच. सत्तर जणांना! ज्यांनी कुठल्याही ऑफिसात काम केलंय त्यांना ठाऊक आहे की सत्तर जणांना पाठवलेला मेल म्हणजे कुणालाच न पाठवलेला मेल.

९ ऑगस्टला नवा सोबती कोर्टाच्या कामासाठी बाहेर गेला. तो परतणार नाही हे काही जणांना माहीत होतं. दुसरा आणून बसवणं हे काम अमक्याचं, असं कुणाच्याच नावावर नव्हतं. शिफ्ट बदलली. ज्यानं दिवसा ऐकलं त्यानं रात्रीच्याला सांगितलं असेल-नसेल. त्याच दिवशी एका दिवाणी दाव्यातली सुमारे २,००० पानं कोर्टानं खुली केली, त्यात याचे धंदे. आदल्याच दिवशी यानं मृत्युपत्रावर सही केलेली. संध्याकाळी यानं आईशी बोलायचंय म्हणून फोन मागितला आणि रेकॉर्ड न होणारा, कुणी न ऐकणारा कॉल त्याला करू दिला. आई २००४ मध्ये वारली होती.

हे लिहितानाच माझा पारा चढतोय. एका ओळीत ठेवा आणि बघा: जामीन गेलेला, एकदा गळ्यावर खुणा घेऊन सापडलेला, मृत्युपत्र केलेला, त्याच दिवशी कागद उघडे पडलेले, सोबती गेलेला, मेलेल्या आईला फोन करणारा माणूस, आणि त्याच्या कोठडीत गरजेपेक्षा जास्त चादरी-कपडे. रोजची झडती झाली असती तर ते जास्तीचं सामान त्याच दिवशी बाहेर आलं असतं. यातली कुठलीही एक गोष्ट कुणीतरी धड केली असती तर तो १० ऑगस्टला सकाळी नाश्ता घेऊन आलेल्यांना जिवंत भेटला असता. आणि त्याच्यावर खटला चालला असता.

"पण कॅमेरे नेमके तेव्हाच कसे बंद पडतात?" काकांचा पुढचा मेसेज हाच होता.

नेमके तेव्हाच नाही, २९ जुलैपासून. तिथे रेकॉर्डिंगची दोन यंत्रं होती. त्यातल्या एकाच्या हार्ड डिस्क २९ जुलैला गेल्या आणि तुरुंगातल्या सुमारे निम्म्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग थांबलं. आता यातली मेख बघा. कॅमेरा चालू असतो. पडद्यावर चित्र दिसत असतं. समोर बसलेल्याला वाटतं सगळं ठीक आहे. चित्र दिसणं आणि चित्र साठणं या दोन वेगळ्या गोष्टी, आणि दुसरी बंद पडली हे मागचं काही काढून बघितल्याशिवाय कळत नाही. अशा यंत्रांत माहिती अनेक डिस्कवर वाटून ठेवलेली असते. एक डिस्क गेली तर बाकीच्या सांभाळून घेतात, फक्त एक दिवा लागतो किंवा इशारा येतो. तो दुर्लक्षिला आणि आणखी डिस्क गेली की संपलं, मागचंही आणि पुढचंही. उपाय दोन मिनिटांचा आहे, रोज सकाळी प्रत्येक कॅमेऱ्याचं काल रात्रीचं एखादं मिनिट उघडून बघायचं आणि वहीत टिक करायची. बिघाड लक्षात आला ८ ऑगस्टला. ९ च्या रात्रीपर्यंत दुरुस्ती झाली नव्हती.

सुदैवानं युनिटच्या सामाईक जागेवरचा एक कॅमेरा चालू असलेल्या यंत्राला जोडलेला होता. आपण सगळे बघतोय तो हाच. त्यात कोठडीचं दार दिसत नाही. टेबलाचा भाग दिसतो, आणि त्याच्या ओळीकडे जाणारा जिना अर्धवट. रात्री १०:३९ च्या सुमारास जिन्यावर नारिंगी रंगाचं काहीतरी सरकताना दिसतं. २०२३ च्या चौकशी अहवालात म्हटलंय की तो ओळख न पटलेला कर्मचारी असावा आणि दोनेक मिनिटांत परत दिसतो. नारिंगी ते चादरी-कपड्यांचं ओझं. काही पत्रकारांना तो नारिंगी गणवेशातला कैदी वाटतो. हा धागा नीट सुटलेला नाही, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. जिना पूर्ण दिसत नसताना "कुणीही गेलं असतं तर दिसलंच असतं" असं छातीठोक सांगणं हाही अधिकाऱ्यांचा आगाऊपणाच.

आणि हाडाचं प्रकरण. जबड्याच्या खाली गळ्यात हायॉइड नावाचं इंग्रजी 'यू'सारखं छोटं हाड असतं, दुसऱ्या कुठल्याच हाडाला न जोडलेलं. ते मोडलेलं होतं, शिवाय कंठाच्या कूर्चेलाही तडे होते. मृताच्या भावानं नेमलेले डॉ. मायकेल बॅडेन शवविच्छेदनाला हजर होते आणि नंतर म्हणाले की हे गळा आवळण्याशी जास्त जुळतं. न्यूयॉर्कच्या मुख्य वैद्यकीय परीक्षक बार्बरा सॅम्पसन यांनी १६ ऑगस्टला आत्महत्या असा निर्वाळा दिला होता आणि त्या त्यावर ठाम राहिल्या. बॅडेन काही रस्त्यावरचे नव्हेत, कबूल. पण तरुणपणी लवचीक असलेलं हे हाड वयानुसार कडक होत जातं आणि त्याचे भाग सांधले जातात, म्हणून साठीपुढे गळफासातही ते मोडू शकतं. एपस्टीन ६६ चा. एकट्या हाडावरून निकाल लागत नाही. गळ्यावरच्या खुणेची दिशा, झटापटीच्या जखमा, नखांखालचं, बाकीचं शरीर, जागेवरची स्थिती हे सगळं एकत्र धरून मत बनतं. यातली जागेवरची स्थितीच कच्ची राहिली. साडेसहाला त्याला खाली घेतलं, छाती दाबून जीव वाचवायचा प्रयत्न केला, दवाखान्यात नेलं. ते बरोबरच केलं, आधी जीव. पण सापडला तसा फोटो नाही, आणि मग घरी बसलेला प्रत्येक जण न्यायवैद्यक तज्ज्ञ.

हे सगळं सांगूनही काका ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर लिहिता लिहिता त्यांच्यावरचा राग जरा उतरलाय. कारण संशय त्यांनी हवेतून आणलेला नाही. २००८ मध्ये फ्लोरिडात याच माणसाशी सरकारी वकिलांनी केलेला करार आठवा. अल्पवयीन मुलींच्या इतक्या तक्रारी असताना १८ महिन्यांची शिक्षा, त्यातले जेमतेम १३ महिने काउंटी जेलमध्ये, आणि तेसुद्धा आठवड्यातले ६ दिवस रोज १२ तास बाहेर आपल्या ऑफिसात! मुलींना कराराचा पत्ताही लागू दिला नाही. ज्या व्यवस्थेनं एकदा उघड्या डोळ्यांनी त्याला सोडलं ती दुसऱ्यांदा नुसती झोपली होती, हे लोकांनी का मानावं? कुंपणच शेत खातं हे एकदा बघितलेला माणूस पुढच्या वेळी वाऱ्यानं पान हललं तरी कुंपणाकडेच बोट दाखवणार.

त्यात सरकारी कारभार. २३ जुलैच्या घटनेचं कोठडीबाहेरचं चित्रण आधी जपलंय म्हणाले, मग जानेवारी २०२० मध्ये कळलं की चुकून दुसऱ्याच मजल्यावरचं जपलं, आणि राखीव प्रतही तांत्रिक बिघाडात गेली. वरून २०२५ चा तमाशा. वर्षानुवर्षं याच संशयावर टाळ्या मिळवणारे डॅन बाँजिनो आणि काश पटेल एफबीआयच्या खुर्चीत बसले आणि मे महिन्यात म्हणाले, आत्महत्याच आहे. ॲटर्नी जनरल पॅम बाँडी फेब्रुवारीत एपस्टीनच्या बड्या ग्राहकांच्या कथित यादीबद्दल विचारल्यावर म्हणाल्या की ती माझ्या टेबलावर आहे. जुलैत त्यांच्याच खात्याचं पत्रक आलं, 'ग्राहकांची यादी' अशी काही नाहीच. मग सोबत तो व्हिडिओ, 'मूळ' म्हणून. वायर्ड मासिकानं फाइल तपासली तर ती ॲडोबी प्रीमियर या व्हिडिओ कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमधून गेलेली, किमान दोन तुकडे जोडलेले. चित्रात माउसचा बाण दिसतो, म्हणजे पडद्यावर चालवून परत रेकॉर्ड केल्यासारखं.

यात कारस्थानच असेल असं नाही. जुन्या रेकॉर्डरची फाइल त्यांच्याच प्लेअरमध्ये उघडते, लोकांना देण्याजोगी करायला कुणीतरी शॉर्टकट मारतो. पण पुरावा लोकांसमोर ठेवायची रीत ठरलेली आहे. जप्तीच्या दिवशी फाइलचा हॅश काढायचा, म्हणजे तिच्या प्रत्येक अक्षरावरून निघणारा एक लांबलचक आकडा. एक ठिपका बदलला तरी आकडा बदलतो. मूळ फाइल तशीच द्यायची, सोबत तिचा प्लेअर, सोबत तो आकडा, आणि कुणी कधी हाताळली त्याची नोंद. सोयीची प्रत हवी असेल तर वेगळी द्यायची आणि तिच्यावर 'रूपांतरित प्रत' असं ठळक लिहायचं. एवढं केलं असतं तर लाल गोलवाल्यांचं दुकान एका दुपारीत बंद झालं असतं. त्याऐवजी 'दर रात्री यंत्र रीसेट होतं आणि एक मिनिट जातं' असं सांगितलं, आणि दोन महिन्यांनी तेच मिनिट दुसऱ्या सरकारी गठ्ठ्यातून बाहेर पडलं. आता बोला! आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय.

म्हणून काका, तुमचा संशय मला समजतो, तुमचा निष्कर्ष नाही. पेंटहाउसातल्या कुणा बड्यानं मारेकरी पाठवला असं मानलं की सगळं एका खलनायकावर जातं. आणि मग त्या १५ फुटांवरच्या टेबलाचं, सत्तर जणांच्या मेलचं, मेलेल्या हार्ड डिस्कचं कुणी काही विचारत नाही. सह्या करणाऱ्या दोघांवर नोव्हेंबर २०१९ मध्ये गुन्हा दाखल झाला, मे २०२१ मध्ये तडजोड झाली. शिक्षा? १०० तास समाजसेवा. आरोप नंतर मागे. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांचा शंभरावर पानांचा अहवाल यायला जून २०२३ उजाडलं. त्यात खोट्या नोंदी करणारे आणखी कर्मचारी सापडले, त्यांच्यावर खटला भरायला सरकारी वकिलांनी नकार दिला. तो तुरुंग २०२१ मध्ये बंद झाला. वरच्या खुर्च्यांवरच्या कुणाला कोर्टात उभं राहावं लागलं नाही. कारस्थान हवंय ना? हे घ्या. फक्त यात थरार नाही.

पुढे काय झालं तेही बघा. एपस्टीनची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिला जुलै २०२० मध्ये पकडलं तेव्हा रात्रभर दर १५ मिनिटांनी तिच्या तोंडावर टॉर्च मारायचे, तिच्या वकिलांनी कोर्टात तक्रार केली इतकं. वरातीमागून घोडं. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच वर्तुळातला फ्रेंच मॉडेल एजंट जाँ-ल्युक ब्रुनेल पॅरिसच्या ला सांते तुरुंगात गळफास घेतलेला सापडला, आणि तिथेही खटल्याआधीच. त्या दिवशी फॉरवर्डना नुसता ऊत आला होता.

एक गोष्ट राहिली. २७ ऑगस्ट २०१९. आरोपी मेला की खटला मिटतो, नुसता कागदोपत्री उपचार उरतो. पण न्यायाधीश बर्मन यांनी तो उपचार उरकण्याआधी कोर्ट भरवलं आणि ज्यांना बोलायचंय त्यांनी बोला म्हणाले. कितीतरी स्त्रिया आल्या, काही स्वतःच्या नावानं, काही नाव न सांगता. ज्याच्यासमोर बोलायचं होतं तो बाक रिकामा होता. बऱ्याच जणींनी हेच सांगितलं की यानं मरूनही आमचा दिवस चोरला. दोन दिवसांनी खटला अधिकृतपणे बंद झाला. अमेरिकेतल्या संघीय कोर्टांत कॅमेऱ्याला परवानगी नसते, त्यामुळे त्या सकाळचं चित्रण नाही, नुसता लेखी वृत्तान्त आहे. तो वाचायला लागतो. त्यावर लाल गोल काढून काकांना अजून कुणी पाठवलेला नाही.